११४ प्रीसेट आणि एक पाम म्यूट

परवा रात्री एचएक्स स्टॉम्प या गिटारच्या डिजिटल डब्यातले जुने प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेले टोन, उडवायला बसलो, नवीन सेव्ह करायला जागाच उरत नव्हती. मोजले तर ११४ निघाले. नावं वाचून माझं मलाच हसू आलं: 'जेंट फायनल', 'जेंट फायनल २', 'फायनल खरंच', 'रात्रीचा', 'जॅमला नको', आणि एकाचं नाव नुसतं 'हा'. हे सगळे एकाच रिफसाठी, म्हणजे गिटारवर परत परत येणाऱ्या एका तुकड्यासाठी. सात तारांची गिटार, ड्रॉप ए (सगळ्यात जाड तार ए सुरापर्यंत उतरवलेली), चार बारचा रिफ, त्यात निम्म्याहून जास्त वेळ त्या जाड तारेवर पाम म्यूट (तळहाताची कड तारेवर टेकवून दाबलेला आवाज), बस. नऊ महिने यात गेले आणि जे काय चुकत होतं त्यातलं बरंचसं त्या डब्याच्या आत नव्हतंच, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं, पुढच्या वेळी परत विसरलो तर मलाच वाचायला होईल.

आधी हवं काय होतं ते सांगतो. जेंट हा मेटलचा एक प्रकार, आणि तो शब्दच मुळात आवाजाची नक्कल आहे, स्वीडनच्या मेशुगा बँडची गिटार तोंडाने वाजवून दाखवायची झाली तर काय म्हणाल, 'जेंट', तबल्याचे बोल असतात तसंच. त्यातला 'जें' म्हणजे पिक तारेला चावतो तो आवाज आणि 'ट' म्हणजे तो आवाज जिथं कापला जातो ती जागा. सगळे 'जें'च्या मागे लागतात, मीही लागलो होतो, आणखी गेन (अँपमध्ये आवाज फाटायला लावणारं बटण) आणखी बास आणखी जाड, पण कान देऊन ऐकलं तर अर्धी मजा त्या 'ट'मध्ये आहे. दोन नोटांच्या मधली शांतता कोरडी ठणठणीत पाहिजे. तिथं काही उरलं, जरासं जरी शेपूट राहिलं, की रिफ चिखलात गेलाच.

घर सिंहगड रोडला, टू बीएचके, खालच्या काकांना आमचा मिक्सर लावलेला पण कळतो. तिथं शंभर वॉटचा ट्यूब अँप आणि चार स्पीकरचं कॅबिनेट आणायचं म्हणजे सोसायटीच्या पुढच्या मीटिंगचा विषय ठरलेला. त्यामुळे मॉडेलर (खऱ्या अँपची डिजिटल नक्कल करणारा डबा, माझा स्टॉम्प त्यातलाच) आणि हेडफोन. यात एक गंमत अशी की माझ्या कानात जग कोसळत असतं आणि बाहेर आईला ऐकू येते फक्त तारांची कोरडी टकटक. "अरे दोन तास झाले नुसतं टकटक टकटक चाललंय, गाणं कधी वाजवणार आहेस?"

खरा अँप नाही म्हणून टोन नाही ही सबब या जॉनरमध्ये तर चालतच नाही. लाईन सिक्सने १९९८ मध्ये तो राजम्याच्या दाण्यासारखा लाल पॉड काढला तेव्हा लोक त्याला खेळणं म्हणायचे, पण पुढे त्याच घराण्यातल्या डब्यांवर मिशा मन्सूरने बेडरूममध्ये डेमो करून नेटवर टाकले आणि त्यातून पेरिफेरी ही बँड उभी राहिली. मेशुगासारखी बँड पण मॉडेलरकडे वळली, आधी व्हेटा आणि मग अ‍ॅक्स-एफएक्सवर गेली. आणि लांब कशाला, दिल्लीचा केशव धर घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करत होता, त्यातून स्कायहार्बर ही बँड झाली, २०१२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम ब्रिटनच्या लेबलवर आला आणि त्यात मेगाडेथमध्ये वाजवलेल्या मार्टी फ्रीडमनने सोलो वाजवलेत. हे संगीतच मुळात बेडरूमचं आहे हो. माझ्याकडे बेडरूम होती, टोन नव्हता.

तर मार्चमध्ये पहिल्यांदा प्रीसेट घेऊन जाम रूमला, म्हणजे बँडच्या सरावाच्या भाड्याच्या खोलीत गेलो. घरी हेडफोनवर असला जबरदस्त वाटत होता की मीच मध्ये मध्ये थांबून हसायचो. तिथं पीएला (खोलीतल्या मोठ्या स्पीकरना) लावला, ड्रमरने चार मोजले, आणि गिटार गायब. म्हणजे आवाज येत होता पण कानाशी डास गुणगुणावा तसा, खाली काहीच नाही, वर नुसती फसफस. बास वाजवणारा आमचा मित्र मधेच थांबून म्हणाला, "अरे तू वाजवतोयस का नुसता उभा आहेस?" तासाचे पैसे भरून एवढा अपमान मी आधी कधी करून घेतला नव्हता.

घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा कळलं. आवाज कमी असला की आपल्या कानाला खालच्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. रात्री बारा वाजता हेडफोन हळू ठेवून टोन बनवला की हात आपोआप बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो आणि मिड काढून टाकतो, आणि मस्त वाटतं. तोच टोन जाम रूमच्या व्हॉल्यूमला लावला की बास आणि ट्रेबल दोन्ही अंगावर येतात. शिवाय खालची जागा किक आणि बास गिटारची, वरची झांजांची, गिटारला राहतो फक्त मधला पट्टा, आणि तोच मी दोन नंबरवर नेऊन ठेवला होता. स्वतःच्या हाताने स्वतःची खुर्ची बाहेर फेकली म्हणा ना.

आता आकड्यांकडे बघा. ड्रॉप ए म्हणजे जाड तार ५५ हर्ट्झला. साध्या गिटारची जाड ई तार ८२ ला असते. त्या ५५ मधलं खरं तर आपल्याला काही लागत नाही, कारण तिथं बास गिटार बसलेली असते, आणि आपला कान ११०, १६५, २२० हे वरचे हार्मोनिक ऐकून खालची नोट स्वतःच मनात तयार करतो (मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरवर पण बासची लाईन कळते ती यामुळेच). म्हणून आता माझ्या कॅब ब्लॉकवर (डब्यातली स्पीकर कॅबिनेटची नक्कल) लो कट ९० ला आणि हाय कट ७ किलोहर्ट्झला, त्याखालचं आणि त्यावरचं कापलेलं. पहिल्यांदा असं केलं तेव्हा एकट्या गिटारचा आवाज इतका किरटा झाला की मला वाटलं काहीतरी मोडलं. ड्रम लावले आणि गिटार भिंतीसारखी उभी. तेव्हापासून एक सवय लावून घेतलीये, टोन करताना ड्रमचा लूप चालू असलाच पाहिजे, गिटार एकटी ऐकवणाऱ्या सोलो बटणाला हात लावायचा नाही.

गेनचं तर विचारूच नका. मी आठ साडेआठवर असायचो, मेटल आहे ना मग गेन पाहिजे. उलट आहे सगळं. गेन जास्त झाला की पिकचा टोक लागल्याचा आवाज, तो सुरुवातीचा कडक भाग, दाबून सपाट होतो, मग हळू मारा की जोरात मारा सगळं एकसारखं. आता साडेतीनवर आहे आणि उरलेला कडकपणा येतो अँपच्या पुढे लावलेल्या ट्यूब स्क्रीमर या आवाज फाडणाऱ्या पेडलमधून. यात ड्राईव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण उघडी, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वेडेपणा वाटला होता, डिस्टॉर्शन पेडल घ्यायचं आणि डिस्टॉर्शन बंद ठेवायचं? पण त्याचं काम वेगळंच आहे. त्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग फारसा वाढवलाच जात नाही, म्हणजे अँपपर्यंत जाणारा सिग्नल आधीच खालून हलका आणि मध्ये टोकदार झालेला असतो. बास डिस्टॉर्ट झाला की तो पसरतो, फुगतो, पाम म्यूटचा भोंगा होतो. अँपच्या नंतर ईक्यूने बास कापला तर फुगलेला बास थोडा कमी होतो इतकंच, फुगणं जात नाही. आधी कापला तर तो फुगतच नाही. डाळीत मीठ कधी घालायचं यावर आमच्याकडे आई आणि बायकोत मतभेद आहेत, पण इथं मतभेदाला जागा नाही, बास अँपच्या आधी कापायचा.

अँप मी पीव्ही पनामा वापरतो. हे नाव बाजारात मिळणाऱ्या कुठल्याच अँपवर सापडणार नाही, कारण ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे मॉडेलरमध्ये सगळ्यांची नावं बदललेली असतात, बारशाचं एक आणि हाक मारायचं दुसरं. हा मूळचा पीव्हीचा ५१५०, १९९२ मध्ये गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनसोबत काढलेला, २००४ मध्ये दोघांचं फाटलं आणि तोच अँप ६५०५ म्हणून विकायला लागले. पनामा का म्हणतात ते व्हॅन हेलनवाल्यांना सांगायला नको, त्यांचं त्या नावाचं गाणंच आहे. मला सुरुवातीला वाटायचं की योग्य अँप सापडला की काम झालं, आणि मी एकेक करत सगळे पालथे घातले, त्यातच ते चाळीसेक प्रीसेट झाले. खरं सांगू का, गेन कमी आणि पुढे स्क्रीमर लावला की या जातीचे अँप इतके जवळ येतात की डोळे मिटून मला तरी ओळखता येत नाहीत.

कॅब मात्र ओळखता येतो. लगेच. आयआर म्हणजे स्पीकर आणि माईकने मिळून दिलेल्या प्रतिसादाची एक चिमुकली फाईल, २०४८ सँपलची असेल तर ४८ किलोहर्ट्झला जेमतेम ४३ मिलिसेकंद, डोळ्याची पापणी पण त्यापेक्षा सावकाश मिटते, पण टोनचा सगळा चेहरा तिच्यात. मी फुकटच्या आणि विकतच्या मिळून काही शे जमवल्या होत्या आणि रात्र रात्र एकामागून एक लावत बसायचो, दहावीनंतर पहिली कशी होती तेच आठवायचं नाही. लग्नाच्या साड्या बघताना होतं तसं. शेवटी सगळ्या बाजूला टाकल्या आणि स्टॉम्पमधलाच कॅब घेतला, चार बारा-इंची व्हिंटेज थर्टी स्पीकर, समोर एसएम ५७ माईक. २०२२ च्या ३.५० अपडेटपासून तो माईक कॅबसमोर हवा तिथं सरकवता येतो. मधोमध ठेवला की कर्कश्श, फार बाहेर नेला की गोधडीखाली. मधल्या टोपीच्या कडेवर ठेवला, तिथून किंचित बाहेर, आणि जागेवर आलं. एवढ्याशा सरकवण्याने जो फरक पडला तो ट्रेबल आणि प्रेझेन्सशी महिनाभर खेळून पडला नव्हता.

आता मुख्य गोष्ट, ती 'ट'ची.

हे सगळं करूनसुद्धा रिफच्या गॅपमध्ये काहीतरी उरायचं. बारीक, धातूसारखं, शिंऽऽग असं. मला खात्री होती की हा डिजिटलचाच काहीतरी दोष, कारण काही नीट नसलं की डिजिटलवर ढकलायला सोपं असतं. नॉइज गेट असतो, ठरवलेल्या पातळीखालचा आवाज बंद करणारा, त्याचा थ्रेशोल्ड म्हणजे ती पातळी वाढवली, शिंग गेलं पण नोटाही तोतऱ्या झाल्या. एक गेट सुरुवातीला, दुसरा अँपच्या नंतर, होल्ड कमी कर, डिके कमी कर, वीसेक प्रीसेट यातच. मग एका रविवारी दुपारी वीज गेली. गिटार मांडीवरच होती, वाजवत राहिलो, नुसतीच, न लावता. टक टक टक, थांबलो, दोन्ही हातांनी तारा दाबल्या, आणि खोलीत सगळं शांत असताना तेच शिंऽऽग ऐकू आलं. गिटारमधून! कान बॉडीला लावला तर मागच्या बाजूने. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा वाजत होत्या. प्रत्येक पाम म्यूटच्या धक्क्याने त्या झंकारत होत्या आणि इतका गेन असल्यावर तो झंकार पिकअपमधून सरळ अँपमध्ये.

मागची पट्टी उघडली, कुरियरच्या खोक्यात आलेला फोम कात्रीने कापून स्प्रिंगांखाली दाबून बसवला. पुढे नटच्या (गिटारच्या डोक्याजवळ तारा टेकतात ती पट्टी) पलीकडचे तारांचे तुकडेही थोडे वाजत होते, तिथं बायकोचा केसांचा जाड रबर गुंडाळला. ती संध्याकाळी शोधत होती, "अहो माझं काळं रबर बघितलंत का," मी गिटार दाखवली, त्यावर ती जे म्हणाली ते इथं लिहीत नाही. वीज आली, प्रीसेट नंबर ९१ लावला, गेट जवळजवळ काढूनच टाकला आणि रिफ वाजवला. थांबलो. काहीच नाही. ठक्क. मी उगाच दहा पंधरा वेळा नुसता थांबतच राहिलो.

त्याच सुमारास जाड तार पण बदलली. ५९ ची होती (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), ड्रॉप ए ला लोंबायची, जोरात मारली की सुरुवातीला सूर वर चढायचा आणि मग खाली उतरायचा, ट्यूनर बरोबर दाखवतोय पण रिफ बेसूर. ६४ घातली, त्यासाठी नटची खाच थोडी घासून घ्यावी लागली. आणि आता ट्यून करताना तार हळुवार छेडत नाही, रिफमध्ये जेवढ्या जोरात मारतो तेवढ्याच जोरात मारून बघतो.

लॅपटॉपवर वेगळाच घोळ होता. नॅम म्हणजे न्यूरल अँप मॉडेलर, स्टीव्हन अ‍ॅटकिन्सनने केलेला, ओपन सोर्स आणि फुकट, खऱ्या अँपचे लोकांनी काढलेले मॉडेल त्यात लोड करायचे. मी लावेन तो मॉडेल माझ्याकडे घाणेरडा फाटायचा. का, तर कधीतरी गाणं रेकॉर्ड करताना शिकलो होतो की इंटरफेसचा (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) गेन लाल दिव्याच्या अलीकडेपर्यंत न्यायचा, तीच सवय इथं. पण मॉडेलला वाटतं गिटारच तेवढी जोरात आहे, म्हणजे अँपच्या आधी कुणीतरी बूस्टर दाबून ठेवल्यासारखं. इंटरफेसचा गेन शून्यावर आणला आणि तोच मॉडेल, च्यायला, माणसासारखा बोलायला लागला. बफर (लॅपटॉप एका वेळी जेवढे सँपल घेतो) १२८ ठेवतो, ४८ किलोहर्ट्झला एका बाजूचे २.७ मिलिसेकंद होतात, ५१२ ला जवळपास ११ होतात आणि तेवढ्यानेही पाम म्यूट हाताखालून सटकल्यासारखा वाटतो.

रेकॉर्डिंगमध्ये रुंदी येण्यासाठी आळशीपणा केला तोही सांगून टाकतो. एकच टेक कॉपी करून दुसरीकडे १५ मिलिसेकंद मागे सरकवला. हेडफोनवर मोठा वाटला. मित्राने फोनवर लावला तर पत्र्याच्या डब्यात बसून वाजवल्यासारखा, कारण दोन्ही बाजू एकत्र आल्या की एकमेकींना खातात. दोनदा वाजवण्याला पर्याय नाही. एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, आणि दोन टेकमध्ये जो हाताचा जरासा फरक राहतो त्यातूनच ती रुंदी येते. फरक जास्त झाला तर मात्र फक्त घाण येते, त्यामुळे तो चार बारचा रिफ मी एका शनिवारी साठ सत्तर वेळा वाजवला असेल. पाम म्यूटला १०० ते २५० हर्ट्झच्या मध्ये जो ढेकर येतो त्यावर रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधलाच मल्टिबँड कॉम्प्रेसर लावलाय, फुगलं तरच दाबतो, नाहीतर हात लावत नाही.

आणि बास गिटार. आमच्या त्या मित्राचा बास सरळ डीआय (अँपशिवाय, थेट) घेतला, दोन ट्रॅक केले, एकात २५० च्या खालचं स्वच्छ आणि चांगलं कॉम्प्रेस केलेलं, दुसऱ्यात वरचं, भरपूर डिस्टॉर्शन. दोन्ही गिटारच्या खाली सरकवलं आणि मी गप्पच झालो. इतकी वर्षं आवडत्या बँडच्या गिटारमधून जो गुरगुराट ऐकत होतो तो त्यांच्या गिटारचा नव्हताच, बासचा होता. तो मी माझ्या गिटारमध्ये बास वाढवून शोधत होतो. मिक्स त्याला पाठवला तर उत्तर आलं, "मस्तच. गिटार अजून थोडी कमी कर."

क्लीन टोनबद्दल (न फाटलेला आवाज) विशेष काही नाही, जॅझ कोरस अँप, कॉम्प्रेसर, डॉटेड डिले, जरा जास्त रिव्हर्ब, पहिल्या दिवशी झाला आणि तसाच आहे.

एक घूंऽऽ तेवढा राहिला होता. लॅपटॉप चार्जरवर असला की यायचा, तारांवर हात ठेवला की कमी, हात काढला की परत, आणि नोट लांबवली की तिच्याखाली अंथरलेला. गेट यात काय करणार, नोट चालू असताना गेट उघडाच असणार ना. पिकअप बदलायच्या तयारीत होतो, दोन केबल तर बदलल्याही. मग ऑफिसमधला एक इलेक्ट्रिकलवाला म्हणाला की असल्या चार्जरमधून थोडा करंट नेहमीच बॉडीकडे झिरपतो, अर्थिंग असेल तर जमिनीत जातो, नसेल तर तिथंच फिरतो, आधी सॉकेट तपास. गेल्या रविवारी वायरमन बोलावला. त्याने माझ्या खोलीतला बोर्ड उघडला, टॉर्च मारली आणि मला बोलावून दाखवलं. तीन पिनांचं सॉकेट, वरच्या जाड पिनेला वायरच नाही. मग हॉलचा उघडला, तिथंही नाही. किचनमध्येही नाही. बिल्डिंग झाल्यापासून.

दीड दिवस लागला सगळीकडे वायर ओढायला. संध्याकाळी गिटार लावली, घूं गेला होता, मी बाहेर येऊन मोठ्या आनंदाने सांगितलं. आई फ्रिजच्या दाराला पुन्हा पुन्हा हात लावून बघत होती. म्हणाली, "चार वर्षं सांगतेय झिणझिण्या येतात म्हणून, तेव्हा कुणी ऐकलं नाही. तुझी टकटक बिघडली तर लगेच माणूस आला."